जेवणावळीतले गाणे आणि आवाजाची तक्रार

रेस्टॉरंटात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराकडे आवाजाची तक्रार बहुधा वेटरमार्फत येते आणि ती एखाद्याच टेबलाची असते. स्पीकरसमोर बसलेल्यांना आपसात बोलता येत नाही, तेव्हाच कोपऱ्यातल्यांना गाण्याचे शब्द कळत नसतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून एका मोठ्या स्पीकरपेक्षा दोन-तीन लहान स्पीकर, डोक्यांपेक्षा उंच आणि विखरून लावलेले, केव्हाही चांगले.

साधे बोलणे मीटरभरावरून साधारण ६० डेसिबलचे असते. गोंगाट वाढला की माणसे नकळत आवाज चढवतात. फ्रेंच कर्णतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये ही गोष्ट मांडली. गिऱ्हाइके मोठ्याने बोलतात म्हणून गायक आवाज वाढवतो, की तीही आणखी चढ्या आवाजात बोलू लागतात. ही चढाओढ थांबवणे गायकाच्याच हाती असते, कारण मिक्सर त्याच्याजवळ असतो.

तक्रार आली की वाद न घालता, तक्रार करणाऱ्याला दिसेल असा आवाज लगेच उतरवावा. मात्र ३ डेसिबलची घट कानाला जेमतेम जाणवते. आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. पुष्कळदा खरा त्रास कर्कशपणाचा असतो. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वांत तीक्ष्ण असतो आणि बोलण्यातली व्यंजनेही तिथेच उमटतात. गिटार-कीबोर्डचा तेवढाच पट्टा उतरवला तर गाण्याचा जोर न जाता टेबलावरचे बोलणे मोकळे होते. दोन टेबलांच्या मागण्या उलटसुलट असल्या तर निर्णय मॅनेजरचा. कुणाला दुसरीकडे बसवणे त्यालाच शोभते.

रात्री गर्दी ओसरली की ध्वनी शोषणारी माणसे कमी होतात, फरशी आणि काचा घुमू लागतात. नऊ वाजता बेताचा वाटलेला आवाज साडेदहाला जड होतो.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र समजुतीवर सोडता येत नाही. बेसचे सूर भिंती ओलांडतात आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. माइक बंद केला की भागते, हा समज चुकीचा आहे. नियमात वाद्येही येतात. गोव्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर वाजवणाऱ्यांनी म्हणूनच रंगतदार गाणी दहाच्या आत उरकावीत.