दिवा लागला, पण चाक जोडलं गेलं का? – ऑटोमॅटिक लॉकिंग हब समजून घेऊया



निवडणुकीच्या कामावर असताना एका वाडीच्या चढावर आमची जीप अडकली होती. परतीचा पाऊस, लाल चिखल, मागे मतदान यंत्रांच्या पेट्या आणि आम्ही पाच जण. ड्रायव्हरदादांनी फोर व्हीलचा लिव्हर ओढला. समोर हिरवा दिवा लागला. तरी मागचीच चाकं जागच्या जागी गरगरत राहिली, पुढची ढिम्म. गाडी मागे घसरायला लागली तेव्हा आम्ही पटापट उड्या मारल्या. चाकाखाली दगड लावले म्हणून निभावलं. नंतर गॅरेजमध्ये कळलं की पुढच्या डाव्या चाकाचा हब लागलाच नव्हता.

मग प्रश्न पडला, एका बाजूचा हब लागला नाही तर दुसरं चाक का नाही फिरलं? आणि दिवा कसा काय लागला? आपल्यातले कितीतरी जण रोज अशाच जीपने शाळेत जातात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी हे बघू की पुढची चाकं सोडवून ठेवायचीच कशाला. चारही चाकं कायम जोडलेली असली तर काय बिघडतं? याचं उत्तर शाळेच्या मैदानावर मिळतं. सायकलची दोन्ही चाकं ओली करा आणि कोरड्या फरशीवर एक वळण घ्या. जमिनीवर दोन वेगळ्या रेघा उमटतील, पुढच्या चाकाची बाहेरून आणि मागच्याची आतून. म्हणजे वळताना पुढचं चाक जास्त अंतर कापतं. गाडीचंही तसंच. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर आहे आणि मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय असं धरा. पायथागोरसने पुढची त्रिज्या साधारण ५.५५ मीटर येते. पूर्ण फेरीत मागचा भाग ३१.४ मीटर जातो आणि पुढचा जवळजवळ ३४.८ मीटर. तीन मीटरहून जास्त फरक! (सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या, पायथागोरसचा उपयोग काय हे विचारणं बंद होतं.)

जुन्या पद्धतीच्या फोर व्हीलमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. मग हा फरक जायचा कुठे? चिखलात चाक थोडं घसरतं आणि भागतं. डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून डांबरावर टू व्हीलमध्येच चालवायची.

पण टू व्हीलमध्ये घातलं तरी एक गोष्ट उरते. इंजिन पुढच्या चाकांना फिरवत नसलं तरी रस्ता त्यांना फिरवतोच. ती चाकं मग पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल आणि मधला लांब शाफ्ट असं सगळं लटांबर उगाचच फिरवत बसतात. डिझेल जातं, झीज होते, आवाज येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला यावर काही सोय नव्हती. युद्ध संपल्यावर या जीप साध्या रस्त्यांवर आल्या, आणि १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी त्यांच्यासाठी लॉकिंग हब बनवून विकायला सुरुवात केली. चाकाच्या मधोमध एक खटका. तो फिरवला की चाक शाफ्टला जोडलं जातं, उलटा फिरवला की चाक मोकळं आणि शाफ्ट शांत.

अडचण एकच, खाली उतरावं लागतं. गाडी रुतल्यावर, पावसात, चिखलात बसून, दोन्ही बाजूंना. त्यावरचा उपाय म्हणजे ऑटोमॅटिक हब.

त्याच्या आत डोकावूया. बाहेरचं कवच चाकाबरोबर फिरतं आणि त्याला आतून खाचा असतात. मध्ये एक दातेरी रिंग असते. ती शाफ्टबरोबर फिरते, शिवाय शाफ्टवर पुढे-मागे सरकूही शकते. एरवी स्प्रिंग तिला खाचांपासून लांब ठेवते, म्हणून चाक मोकळं. तिच्यामागे दोन चकत्या समोरासमोर असतात, दोघींना उतरणीसारखे दाते. यांना कॅम म्हणतात. एक चकती न फिरणाऱ्या भागाला घर्षणाने धरून असते, दुसरी शाफ्टबरोबर फिरते. लिव्हर ओढला की शाफ्ट फिरू लागतो. फिरती चकती थांबलेल्या चकतीच्या दात्यांवर चढते, चढताना रिंगला ढकलते, आणि रिंग कवचाच्या खाचांत जाऊन बसते. चाक जोडलं गेलं! ना वायर, ना बटण.

सायकलच्या फ्रीव्हीलशी याचं नातं आहे. पेडल मारलं की चाक धरलं जातं, थांबलं की सुटतं. पण फ्रीव्हील एकाच दिशेला धरतं. हबच्या कॅमला दोन्हीकडे उतार असतो, म्हणून तो रिव्हर्समध्येही धरतो.

आता सोडवायचं कसं? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. नुसता लिव्हर टू व्हीलमध्ये टाकून पुढे निघालात तर हब सुटत नाही, कारण आता चाकच शाफ्टला त्याच दिशेने फिरवतंय आणि कॅम चढलेलाच राहतो. म्हणून थांबायचं, लिव्हर टाकायचा आणि गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्यायची. शाफ्ट उलटा फिरतो, चकती खाली उतरते, स्प्रिंग रिंगला मागे ओढते. मग ती दुसऱ्या बाजूने पुन्हा का चढत नाही? कारण चाक सुटलं की शाफ्टला फिरवणारं कुणी उरतच नाही.

यातच त्याचा कमकुवतपणाही आहे. रुतलेली गाडी आपण पुढे-मागे झुलवून काढतो. प्रत्येक वेळी दिशा बदलली की कॅम उतरतो आणि दुसरीकडून चढतो, मधल्या क्षणी चाक मोकळं असतं. नेमकी गरज असते तेव्हाच. म्हणून काही अनुभवी लोक ऑटोमॅटिक काढून परत हाताचे हब बसवतात. मला ते मागासलेपणाचं वाटत नाही.

काही गाड्यांत हे काम हवेच्या पोकळीने, म्हणजे व्हॅक्यूमने होतं. सुझुकी जिमनीत असे हब आहेत. फोर्डच्या १९९९ पासूनच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये व्हॅक्यूमबरोबर हबवर हाताने फिरवायचा खटकाही ठेवलाय. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. व्हॅक्यूमची नळी चिरली की हब रुसतो, तेव्हा निदान हाताने तरी लावता येतो.

आता आमच्या जीपकडे. तिचा हिरवा दिवा लिव्हरशी जोडलेला होता. आतला गिअर पडला एवढंच तो सांगत होता, हबचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आणि डाव्या हबमध्ये कुणीतरी घट्ट ग्रीस ठासून भरलं होतं, त्यात रिंग सरकेना. मग उजवं चाक का नाही फिरलं? कारण साधं डिफरन्शियल जिकडे अडथळा कमी तिकडे फिरतं. डावा शाफ्ट चाकाविना मोकळा होता, सगळं फिरणं तिकडेच गेलं. म्हणजे एक हब गेला की पुढची दोन्ही चाकं गेली.

पावसाळ्याआधी गॅरेजमध्ये हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी लावून, मागच्या चाकांना उटी देऊन, पुढचं एकेक चाक उचलायचं आणि स्टँड लावून हाताने फिरवायचं. टू व्हीलमध्ये चाक फिरावं आणि आतला शाफ्ट थांबलेला असावा. मग चाक धरून ठेवून शाफ्ट हाताने फिरवायचा. थोडा फिरून 'टक्' आवाज आला आणि अडला, तर हब लागतोय. नुसताच फिरत राहिला तर खोलून साफ करून घ्यायचा. हे दोन्ही बाजूंना करायचं. तुमची मुलं ज्या जीपने येतात तिच्या ड्रायव्हरदादांना हे एकदा विचारून बघा, आमच्या दादांनाही तोवर कुणी विचारलं नव्हतं.