नवं सॉफ्टवेअर, जुने आयडी

२५ ऑगस्ट २०१० रोजी डिग या अमेरिकी संकेतस्थळाने आपली चौथी आवृत्ती सुरू केली. बातम्यांचे दुवे सदस्यांनी द्यायचे आणि इतर सदस्यांनी ते मतं देऊन वर चढवायचे किंवा गाडून टाकायचे, ही तिथली रीत होती. नव्या आवृत्तीत गाडायचं बटण गेलं आणि बातम्यांच्या कंपन्यांना आपले दुवे आपोआप टाकायची सोय मिळाली. ३० ऑगस्टला चिडलेल्या सदस्यांनी ‘डिग सोडा दिवस’ पाळला आणि डिगच्याच मुखपृष्ठावर रेडिट या प्रतिस्पर्ध्याचे दुवे चढवले. बटण पुढे परत आणलं गेलं, पण गेलेली गर्दी परतली नाही. ऑक्टोबरमध्ये कंपनीने ३७ टक्के कर्मचारी कमी केले. जुलै २०१२ मध्ये डिगचं नाव आणि संकेतस्थळ बेटावर्क्स या कंपनीने घेतलं, तेव्हा किंमत पाच लाख डॉलरच्या आसपास असल्याचं वृत्तपत्रांनी छापलं.

चालत्या संकेतस्थळाचं सॉफ्टवेअर बदलू नये, याचा दाखला म्हणून ही हकीकत सांगितली जाते. पण ज्या रेडिटकडे ही माणसं गेली, त्यानेही डिसेंबर २००५ मध्ये आपली सगळी प्रणाली लिस्प भाषेतून पायथनमध्ये नव्याने लिहून काढली होती. लिस्पचे भक्त हळहळले, बाकीच्यांना काही फरक पडला नाही. रेडिट तेव्हा लहान होतं हे खरं, पण तिथे आतली यंत्रणा बदलली आणि सदस्याच्या हातातलं काम तेच राहिलं. डिगमध्ये सदस्याचा अधिकारच कमी झाला. सॉफ्टवेअर बदलल्यावर वर्दळ का घटते, हे शोधताना आधी हा फरक पाहायला हवा.

वाचणारे

चर्चेच्या संकेतस्थळावर दोन वाटांनी माणसं येतात. मोठी गर्दी शोधयंत्रातून येते. कुणीतरी सहा वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आणि त्याखालचं एक नेमकं उत्तर वाचून ती निघून जाते. या गर्दीचा सगळा भरवसा पानाच्या पत्त्यावर असतो. नवं सॉफ्टवेअर धाग्यांना नवे क्रमांक देतं, पत्त्यांची घडण बदलतं, आणि हजारो जुने दुवे एका रात्रीत ‘पान सापडलं नाही’वर जाऊन आदळतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नका, असं बजावणारं टिपण लिहिलं होतं.

यावर इलाज आहे. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळण द्यायचं. तंत्रज्ञ त्याला ‘३०१’ म्हणतात. वळणं नीट दिली, तरी शोधयंत्राला सगळी पानं पुन्हा तपासायला वेळ लागतो आणि तोवर आकडे खाली-वर होतात. पण ही घट भरून निघू शकते. काम किचकट असतं, तरी ते यादी करून उरकता येतं.

लिहिणारे

दुसरी गर्दी लहान असते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार शंभरांतले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेला एक जण पुरवतो. मराठी संकेतस्थळांवरच्या कुणालाही हे सांगायला नको. वाचनमात्रांची फौज आणि तेच ते पंधरा-वीस आयडी हे चित्र तिथे रोजचं आहे.

हा शंभरातला एक जण सवयीने येतो. कुठला कोपरा उघडला की नवे प्रतिसाद दिसतात, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. स्थलांतरात त्याच्या मागे बारीकसारीक कटकटी लागतात. परवलीचे शब्द मूळ रूपात साठवलेले नसतात, म्हणून नवं सॉफ्टवेअर जुनी पद्धत ओळखत नसेल तर सगळ्यांना नवा शब्द घ्यावा लागतो. ज्याचा नोंदवलेला ईमेल कधीच बंद पडलाय, तो जुना आयडी बाहेरच राहतो. अवतरणं विस्कटतात, व्यक्तिगत निरोप हरवतात, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन येतात. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक असते, पण फुकट लिहिणाऱ्याला थांबायला तेवढं निमित्त पुरतं.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चांच्या संकेतस्थळाच्या जाणत्या सदस्यांनी हे उघडपणे दाखवलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या नव्या ‘बीटा’ रूपाविरुद्ध त्यांनी आठवडाभर बहिष्कार टाकला. काहींनी स्लॅशडॉटचंच जुनं, मुक्त असलेलं सॉफ्टवेअर घेऊन सॉयलेंटन्यूज हे वेगळं संकेतस्थळ उभं केलं. शेवटी बीटा गुंडाळावं लागलं. रेडिटने २०१८ मध्ये रूप पालटलं, तेव्हा जुनं रूप वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवलं. त्यामुळे जुन्यांना सोडून जायचं कारण उरलं नाही.

आकड्यांची गंमत

स्थलांतरानंतर जे आकडे घटतात, त्यांतले काही खोटेच घटतात. जुन्या पद्धतीत लांब धागा पानापानांत विभागलेला असे आणि वाचकाने पान उलटलं की मोजणी एकने वाढे. २०१३ मध्ये आलेल्या डिस्कोर्स या चर्चेच्या सॉफ्टवेअरने पानं काढून टाकली आणि धागा सलग खाली सरकत राहिला. वाचक तेवढेच, वाचन तेवढंच, पण पानांची मोजणी कोसळते. मोजणारं साधनही बदलतं: गूगलने आपली जुनी मोजणी जुलै २०२३ मध्ये बंद केली, आणि नवीची गणितं वेगळी आहेत.

मराठीत आणखी एक मेख आहे. गणेशोत्सव आणि दिवाळी हे इथल्या लेखनाचे भरतीचे दिवस. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केली तर दोष सॉफ्टवेअरच्या माथी बसेल. तुलना तिथीने करायला हवी.

आणि काळाचा ओघही विसरता येत नाही. २०१० नंतर गप्पा फेसबुक आणि व्हॉट्सअॅपकडे वळल्या. त्या काळात ज्यांनी काहीच बदललं नाही, त्यांचीही वर्दळ आटली.

मराठी बोर्ड

१९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली आपल्याकडची सर्वांत जुनी. हितगुज या आपल्या चर्चाविभागाच्या जुन्या फलकांवरून ती द्रुपल या मुक्त प्रणालीवर आली, आणि जुन्या हितगुजची पानं वाचण्यासाठी जपून ठेवली गेली. मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे हीसुद्धा द्रुपलवरच वाढली. जुन्या मजकुराची मराठीत वेगळीच अडचण होती: युनिकोडपूर्वीचं लेखन विशिष्ट फॉन्टला बांधलेलं असे. ते नीट रूपांतरित झालं नाही, तर पान शाबूत राहूनही अक्षरं अगम्य होत, आणि शोधयंत्राच्या लेखी असं पान नसल्यातच जमा.

बदल टाळत बसणंही परवडत नाही. द्रुपल ७ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी संपली, आणि तिच्यापुढच्या आवृत्त्यांवर जायचं तर नवी मांडणी करून मजकूर तिथे हलवावा लागतो. त्यात आपली बहुतेक मराठी संकेतस्थळं हौसेवर चालतात. रात्री जागून हे करणारे दोघं-तिघं असतात.

त्यांच्यापाशी वेळ थोडा असेल, तर वळणं आधी द्यावीत आणि रंगरूप नंतर पाहावं. बदलाआधी सर्वाधिक लिहिणाऱ्या पन्नास आयडींची यादी करावी, त्यांना नवा बोर्ड महिनाभर आधी वापरायला द्यावा आणि त्यांच्या तक्रारी मिटल्याशिवाय जुना बंद करू नये. सहा महिन्यांनी त्या पन्नासांतले किती जण लिहिताहेत, ते मोजावं. भेटींचा आलेख कितीही चढला असला, तरी स्थलांतर साधलं की फसलं हे त्या यादीवरूनच ठरतं.