हाँगकाँगचा रविवार

हाँगकाँगमध्यें घरकामासाठीं आलेल्या फिलिपिनी स्त्रियांना सात दिवसांतून एक दिवस सुटी देणें कायद्यानें बंधनकारक आहे. ती बहुधा रविवारीं मिळते. पण हा दिवस घालवावा कोठें? २००३ पासून त्यांना मालकाच्याच घरीं राहावें लागतें. स्वतःचें असें दार त्यांना नाहींच. म्हणून सेंट्रल भागांत, एका मोठ्या बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेंत आणि त्या दिवशीं वाहनांना बंद असलेल्या चेटर रस्त्यावर, पुठ्ठे पसरून त्या बैठक मांडतात. पुठ्ठ्यांच्या कडा उभ्या केल्या कीं भिंती झाल्या! पादत्राणें मात्र बाहेर. आंत भात, पत्ते, नखें रंगविणें, गांवीं धाडावयाच्या पेट्या भरणें. दुसऱ्यांचीं मुलें सांभाळणाऱ्या कित्येक आया स्वतःच्या मुलांचीं तोंडें येथेंच मोबाइलच्या पडद्यावर पाहतात. रात्रीं पुठ्ठे गोळा होतात.