नळदुर्गच्या साहेबाची सासुरवाडी

अणदूरकरांना कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. इथला खंडोबा वर्षातले दहाएक महिने अणदुरात आणि उरलेले नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामाला असतो. देव हलायच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. तेव्हा शेजारच्या नळदुर्गवरून या मुलखाचा कारभार हाकणाऱ्या साहेबाच्या घरचे कागदही इथल्याच नजरेने वाचावेत, असं मला फार दिवस वाटत होतं.

साहेब म्हणजे फिलिप मेडोज टेलर. ठगाच्या जबानीची त्याची कादंबरी (१८३९) आणि तुळजापुरात सुरू होणारी ‘तारा’ (१८६३) वाचकांना ठाऊक असणारच. लिव्हरपूलचा हा पोरगा १८२४ मध्ये मुंबईत व्यापारी पेढीवर नोकरीला आला, पेढी पोकळ निघाली, आणि त्याच वर्षी तो निजामाच्या फौजेत शिरला. पुढची हकिगत ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या आत्मचरित्रात आहे. तो १८७६ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी लेक अ‍ॅलिसने ते संपादून छापलं. सरहद्दीवर आयुष्य काढलेल्या बापाचं चरित्र लेकीच्या हातून आपल्यापर्यंत आलं, ते असं.

पुस्तक सुरेख आहे. नळदुर्गच्या किल्ल्याचं आणि बोरी नदीच्या खोऱ्याचं त्यातलं वर्णन तर जिल्ह्याबद्दल लिहिणारे आजही उचलतात. पण मला हवी होती अ‍ॅलिसची आई मेरी, आणि तिच्याविषयी पुस्तकात माझं समाधान होईल एवढा मजकूर नाही. ती हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी. पामरचा बाप जनरल विल्यम पामर. रियासत वाचणाऱ्यांना तो पुण्याच्या दरबारातला रेसिडेंट म्हणून आठवेल; नाना फडणीस गेले तेव्हा तोच तिथे होता. धाकट्या विल्यमची आई बेगम फैज बक्ष. या कुटुंबाचं १७८५ च्या सुमाराचं एक चित्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात जनरलजवळ बेगम बसलेली आहे, मुलं भोवती आहेत, आणि त्या मुलांत पुढचा सावकार विल्यमही आहे. माझ्या मते या घराण्याचा सगळ्यात बोलका कागद हे चित्रच.

विल्यम पामरची पेढी म्हणजे हैदराबादचं मोठं प्रकरण. दिवाण चंदूलालच्या काळात निजाम सरकारला तिने जबर व्याजाने कर्ज दिलं. त्यातला मोठा हिस्सा फौजेच्या पगारासाठी होता, आणि ती फौज चालवत होते इंग्रज अधिकारी. गवर्नर जनरल हेस्टिंग्जवर पेढीला पाठीशी घातल्याचा ठपका आला आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. फौज मात्र राहिली आणि तिचा खर्च तुंबत गेला. त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि नळदुर्गला कारभारी म्हणून आला तो पामरचा जावई टेलर! तोही त्याच फौजेत वाढलेला. बुडालेल्या पेढीचं आणि १८५३ च्या थकबाकीचं खातं वेगळं होतं, हे मान्य. पण ज्या फौजेच्या पगारावर सासऱ्याने व्याज खाल्लं, तिच्याच थकबाकीतून जावयाला जिल्हा मिळाला. लेकीच्या पुस्तकात या दोन गोष्टी एकमेकींना भेटत नाहीत.

टेलर वाईट कारभारी नव्हता. रयतेच्या भाषेत बोलणारा, मोजणी आणि रस्त्यांमागे लागलेला साहेब म्हणून त्याची कीर्ती खरी वाटते. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवलं. ते प्रकरण पुस्तकात ऐटीत आलं आहे आणि मला थोडं पुढे पुढे करणारं वाटतं. शौर्याच्या कथा घरात जपल्या जातात, कर्जाचे कागद माळ्यावर पडतात. आपल्या वतनदार घराण्यांचंही तेच.

१८६० च्या तहाने धाराशिव आणि नळदुर्गचा मुलूख निजामाला परत मिळाला आणि पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं. टेलर त्याच वर्षी विलायतेला निघून गेला. विल्यम पामर हैदराबादेतच राहिला आणि १८६७ मध्ये वारला.