तंजावरच्या ग्रंथालयातील पाकशास्त्र

माजिवड्याहून किंवा ठाण्याच्या परिसरातून रामेश्वर-मदुराईच्या यात्रेस निघालेली कुटुंबे वाटेत तंजावरला उतरतात, ती बहुधा बृहदीश्वराच्या दर्शनासाठी. तेथील राजवाड्यात असलेले सरस्वती महाल ग्रंथालय मात्र अनेकांच्या पाहण्यातून सुटते. मराठी प्रवाशाने तेथे अवश्य जावे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची सत्ता स्थापिली. नायक राजांच्या काळापासूनच्या येथील ग्रंथसंग्रहाची मोठी वाढ केली ती दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२). ताडपत्रे, संस्कृत पोथ्या व मोडी कागदपत्रे यांच्या या भांडारात पाकशास्त्रालाही स्थान मिळाले, हे विशेष होय. सरफोजींच्या मुदपाकखान्याशी निगडित 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केला आहे. ब्राह्मणी व मराठा पद्धतीच्या पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीचे पदार्थही राजाच्या पाकशाळेत होत. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले ही कथा तंजावरात आवडीने सांगितली जाते. तिला सबळ पुरावा नाही. खऱ्या जिज्ञासूस या ग्रंथातून अधिक मिळेल.

मुद्रित मराठी पाकग्रंथांची परंपराही जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले. अशा पुस्तकांच्या प्रती दुर्मीळ होतात, याचे कारण त्यांचा उपयोग. तेलाचे हात आणि चुलीची वाफ यांपुढे कागद किती टिकणार? म्हणून १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत त्यांची चौकशी करावी.

पुस्तक हाती आले तरी मापांचा घोटाळा उरतोच. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर अवघा अठ्ठावीस तोळ्यांचा, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. पुस्तकातील शेर कोणता, हे ठरविल्याशिवाय पातेले चुलीवर चढवू नये! दशमान वजने १९६२ पासून सक्तीची झाल्यावर ही मापे नव्या पिढीच्या विस्मरणात गेली.

जुन्या पाकग्रंथांचे कर्ते बहुधा दरबारी अथवा सुशिक्षित वर्गातील होते. माजिवड्याच्या जुन्या गावठाणातील आगरी-कोळी घरांत सुक्या मासळीचे कालवण सासूकडून सुनेकडे गेले ते तोंडीच, आणि त्याचे माप शेराचे नव्हे, मुठीचे असे.