तळ्यातील कोळंबीचे 'टॉनिक'

अंजनवेलच्या गोपाळगडावरून पाहिले म्हणजे वाशिष्ठी नदी समुद्राला मिळताना दिसते, पैलतीरी दाभोळ. या खाडीवर जाळे टाकून कित्येक पिढ्यांनी पोट भरले. आता रत्नागिरी जिल्ह्यातील काही तरुण खाडीकाठी तळी खणून कोळंबी, तर गोड्या पाण्यात रोहू-कटला वाढवू लागले आहेत. बियाणे आणि खाद्य यांच्यापाठोपाठ त्यांना आणखी एक वस्तू विकली जाते, ती म्हणजे रोगप्रतिकारशक्ती वाढविणारी पावडर. तळे बहुधा कर्जावर उभे असते. म्हणून या पावडरीकडून किती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भीतीला कारण आहे. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने भारतातील कोळंबीची तळी उद्‌ध्वस्त केली. हा रोग शिरला की आठ-दहा दिवसांत तळे रिकामे होऊ शकते, आणि त्यावर आजही औषध नाही.

मासा आणि कोळंबी यांत एक मूलभूत भेद आहे. माशाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून त्याला लस देता येते. कोळंबीला ती सोय नाही. तिच्या रक्तातील पेशी समोर येईल त्या जंतूशी झुंजतात, एवढेच तिचे संरक्षण. या पेशींना जागे ठेवणे हे पूरकांचे काम.

त्यांतील प्रमुख म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तिकेतून काढलेले बीटा-ग्लुकन. बुरशीच्या अंगीही असाच पदार्थ असतो. त्यामुळे शत्रू आल्याचा भास होऊन शरीर सावध होते. चोर आलेला नसताना गावाने राखण वाढवावी, तसाच हा प्रकार. परंतु राखणदार रोजच रात्रभर जागला तर पेंगणारच. मात्रा जास्त झाली किंवा महिनोन्‌महिने अखंड दिले तर परिणाम ओसरतो, कधी उलटही होतो. म्हणून ते काही आठवडे देऊन मध्ये खंड पाडतात.

जीवनसत्त्व क बहुतेक माशांना स्वतः तयार करता येत नाही. ते कमी पडले तर कणा वाकतो, जखमा लवकर भरत नाहीत. साधे क जीवनसत्त्व मात्र खाद्याच्या गोळ्या बनवितानाच्या उष्णतेने आणि साठवणीत नष्ट होते. यास्तव फॉस्फेटशी जोडलेले टिकाऊ रूप वापरतात. कोकणच्या पावसाळ्यात ओलसर खोलीत ठेवलेल्या पोत्याला बुरशी लागते, आणि तिचे विष माशाची प्रतिकारशक्तीच खालावते. तेच खाद्य घालून वर महागडी पावडर चोळणारे पुष्कळ आहेत!

बॅसिलस जातीचे उपकारक जिवाणूही खाद्यातून देतात. ते आतड्यात रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. पण सोबत प्रतिजैविक दिले तर तेही मरतात. लसूण, हळद, तुळस यांवर संशोधन झाले आहे, तथापि सर्वमान्य मात्रा ठरलेली नाही.

ज्या पाकिटावर घटक छापलेले नाहीत ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविके मत्स्यसंवर्धनात निषिद्ध आहेत. त्यांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल नाकारला जातो, आणि तोटा अखेर तळेवाल्याच्याच माथी येतो.

पाणी बिघडले असेल तर कोणतेही पूरक उपयोगी पडत नाही. पहाटे प्राणवायू कमी होणे, तळाशी उरलेल्या खाद्यातून अमोनिया वाढणे, यांनी कोळंबी आधीच खचलेली असते. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीचे मच्छीमार अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत. अशा खाडीचे पाणी तळ्यात घेण्यापूर्वी तपासून घेणे भाग आहे. बियाणेही पीसीआर चाचणी झालेलेच घ्यावे. या बाबतीत सल्ला हवा असल्यास रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ साली सुरू झालेले मत्स्य महाविद्यालय आहे. दुकानदाराकडे जाण्याआधी तेथे जावे.