वर्गातील ‘बायल्या’ ही हाक निरुपद्रवी का नाही?

एखादा मुलगा हळू आवाजात बोलतो, नाचात रमतो, मैदानावरची धक्काबुक्की टाळतो. काही दिवसांत त्याला ‘बायल्या’ हे नाव पडते, पुढे त्याचे ‘छक्का’ होते. शिक्षकांच्या कानावर ते येते, पण ‘पोरांची थट्टामस्करी’ म्हणून सोडून दिले जाते. या थट्टेचे मूळ कशात आहे, कायदा काय सांगतो आणि शाळेला काय करता येईल?

हा शब्द कोणाकोणाला लागतो?

‘बायल्या’ ही शिवी ठरते, कारण बाईसारखे असणे कमीपणाचे आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते. म्हणजे एका मुलाला चिडवताना वर्गातील सगळ्या मुलींचाही अपमान होतो. स्त्री-पुरुषांबद्दलच्या साचेबद्ध कल्पना आणि समलिंगी व्यक्तींबद्दलचा तिरस्कार यांचे मूळ असे एकच आहे.

ज्याला चिडवले जाते तो समलिंगी असेलच असे नाही. तो ‘मुलासारखा’ वागत नाही, एवढेच निमित्त पुरते. बाकीची मुलेही यातून धडा घेतात. कोणी गाणे सोडतो, कोणी घरी आईला पोळ्या लाटू लागतो हे लपवतो. केस बारीक कापणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या मुलीलाही टोमणे चुकत नाहीत. आणि आपले आकर्षण इतरांपेक्षा वेगळे आहे हे ज्या मुलाला वा मुलीला नुकते उमगू लागले आहे, त्यांना कळते की हे कोणाजवळही बोलायचे नाही.

लिंगभाव आणि लैंगिक कल यांत फरक काय?

आपण स्वतःला मुलगा, मुलगी की आणखी काही समजतो, ही लिंगभावाची ओळख. आपल्याला कोणाबद्दल आकर्षण वाटते, हा लैंगिक कल. नाजूक चालीचा मुलगा समलिंगी असतो किंवा समलिंगी मुलगा नाजूकच असतो, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. चालण्या-बोलण्यावरून यातले काहीच ठरवता येत नाही.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१९ च्या कायद्यातील कलम १३ ने सरकारी अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर भेदभावविरहित शिक्षण देण्याची जबाबदारी टाकली.

मग अडते कुठे?

पाठ्यपुस्तके हळूहळू बदलत आहेत. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र दिले. मात्र तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे, यासाठी ‘एनसीईआरटी’ने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका आक्षेपांनंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरून हटवली गेली. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने शाळांनी पालक-शिक्षक संघांमार्फत पालकांशी या विषयावर बोलावे, असे सुचवले होते.

बोलल्याने मुले ‘तशी’ होतील का?

पालकांची ही भीती खरी असते, पण तिला आधार नाही. लैंगिक कल धडा शिकवून येत नाही आणि मार देऊन जातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. वर्गात बोलल्याने बदलते ते एवढेच, की चिडवणाऱ्याला मिळणारे हशे कमी होतात.

शाळेला काय करता येईल?

मुंबईतील महापालिका शाळांमध्ये २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलांसाठी ‘जेम्स’ हा उपक्रम राबवला गेला. त्यात घरकाम, मारहाण, मुलींचे लग्नाचे वय यांवर मुलांशी चर्चा होत असे. जिथे केवळ प्रचार मोहीम झाली त्या शाळांपेक्षा, जिथे वर्गात चर्चासत्रेही झाली तिथे मुलांचे विचार जास्त बदललेले दिसले. थोडक्यात, भिंतीवरच्या तक्त्यांवर भागत नाही, बोलावे लागते.

सुरुवात साधी आहे. तो शब्द कानावर पडताच तिथेच थांबवावा आणि ‘बाईसारखे असण्यात वाईट काय?’ असे सगळ्या वर्गाला विचारावे. त्या मुलाला उभे करून त्याचे उदाहरण देऊ नये. ‘तू जरा मर्दासारखा वाग’ हा सल्ला तर मुळीच नको, कारण त्यातून चिडवणारेच बरोबर ठरतात. बाक मुलांनी उचलायचे आणि रांगोळी मुलींनी काढायची, ही वाटणीही मोडता येते. एखाद्या विद्यार्थ्याने विश्वासाने काही सांगितले तर त्याच्या संमतीशिवाय ते शिक्षककक्षात किंवा घरी पोचवू नये. काही घरांत त्याची शिक्षा मार, किंवा शाळा बंद, अशी असते. मूल संकटात असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

यातल्या कशासाठीही वर्गात समलिंगी किंवा तृतीयपंथी मूल कोण आहे, हे शोधण्याची गरज नाही. ते मूल तिथे असू शकते, हे धरूनच शिक्षकाने बोलायचे असते.